एकदाच विचारायचं

औराद तालुक्यात आयरिश जेवणाचा घाट घालणारा मी पहिला माणूस. दुसरा अजून निघालेला नाही, आणि ज्यांनी ही हकिगत ऐकली आहे त्यांच्यातून तो निघेल असं वाटत नाही.

मी तेव्हा औरादच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो. म्हैसूर राज्याचं नाव बदलून नुकतंच कर्नाटक झालं होतं, आणि शाळेची पाटी रंगवायला रंगारी अजून आला नव्हता. घरात माणसं चार: मी, माझी बायको कमल, दीड वर्षाची लेक सुजाता आणि माझी माय. चौघांत इंग्रजी येणारा मी एकटा, त्यामुळे जगात कुठं काय रीत आहे ते मलाच ठाऊक, असा माझा समज होता. (कमल या समजाला हसायची. माय विरोध करायची. पण दोघींनाही इंग्रजी येत नसल्यामुळे ते मी धरत नसे.)

तर, सिस्टर नोरा. या बाई नर्स होत्या आणि आयर्लंडहून आमच्या भागात आल्याला बरीच वर्षं झाली होती. बिदरच्या रस्त्यावर एक दवाखाना होता, तिथं त्या बाळंतपणं करायच्या. सुजाता पायाळू. कमल अडली, सुईणीनं हात टेकले, तेव्हा नोरा सिस्टर दवाखान्याची जीप घेऊन घरी आल्या, बाह्या सरसावून आत गेल्या आणि दुपार टळायच्या आत आई आणि लेक दोघींना सुखरूप आमच्या हवाली करून बाहेर आल्या. माय तांब्या घेऊन दारात उभी होती. तेवढ्यात दुसऱ्या गावाहून माणूस बोलवायला आला आणि बाई तशाच जीपमध्ये बसून गेल्या.

"पानी बी पिली न्हाई रे," माय तांब्या हातात धरून म्हणाली.

"घाईत होत्या गं."

"व्हय. घाईतच असंल."

त्या दिवशी मायनं ठरवून टाकलं. या बाईला आपल्या घरी, आपल्या हातचं, पोटभर जेवू घालायचं. दुसरं काही देण्यासारखं आमच्याकडं नव्हतंच. दीड वर्षात तिनं तीनदा मला सायकलवरून दवाखान्यात पिटाळलं. मी जायचो. म्हणायचो, "सिस्टर, आईनं जेवायला बोलावलंय."

सिस्टर आमच्याच बोलीत म्हणायच्या, "आता कशाला तरास, मास्तर!"

"बरं," मी म्हणायचो, आणि सायकलवर टांग टाकून परत यायचो.

"काय म्हनली?" माय दारातच विचारायची.

"नको म्हणाल्या."

माय चुलीपुढं जाऊन बसायची. मी मात्र आपण एका परदेशी बाईच्या इच्छेचा कसा मान राखला, या समाधानात हातपाय धुवायचो.

मग बातमी आली की नोरा सिस्टर महिनाअखेरीला कायमच्या त्यांच्या देशाला निघाल्या. मायनं मला काही सांगितलं नाही. सकाळच्या मोटारीनं एकटीच गेली आणि संध्याकाळच्या मोटारीनं परत आली.

"यायलीय," ती पायातली चप्पल काढत म्हणाली. "आइतवारी. दुपारी."

"तयार कशा झाल्या?"

"पायरीवर बसले. न्हाई म्हनली तरी उटले न्हाई. पुना न्हाई म्हनली, तरी बी उटले न्हाई. मग हासली अन् म्हनली, येते."

यात काही शिकण्यासारखं होतं हे मला आज कळतं. तेव्हा मी कॅलेंडर पाहत होतो. आणि काय सांगू, त्या रविवारी मार्चची सतरा तारीख! आयर्लंडच्या संत पॅट्रिकचा सण! जगातले सगळे आयरिश त्या दिवशी हिरवे कपडे घालून गोडधोड, तिखटमीठ (मीठच, तिखट नाही, ते पुढं येईलच) खातात हे मी कुठंतरी वाचलं होतं. झालं. मी जाहीर केलं: रविवारी आपल्या घरी आयरिश सणाचं जेवण होईल.

"मी हुग्गी करनार हाय," माय म्हणाली. हुग्गी म्हणजे आमच्याकडची गव्हाची खीर, गुळातली. बुद्धपौर्णिमेला आमच्या घरी ती हमखास व्हायची, आणि मायच्या हुग्गीला वस्तीत तोड नव्हती.

"हुग्गी आयरिश नाही, माय."

"गहू तर हाय का न्हाई त्यांच्यात?"

मी बिदरच्या वाचनालयात जाऊन एका जाड इंग्रजी ग्रंथातून आयरिश लोकांचं खाणं शोधून काढलं. मटण, बटाटे, कांदा, पाणी. एवढंच. सगळं एकत्र शिजवायचं. शिवाय पत्तागोबी उकडून बटाट्यात कालवायची, आणि ताक नि सोडा घालून जाड रोट भाजायचा. मी हे सगळं घरी येऊन वाचून दाखवलं. दोघी शेवटपर्यंत ऐकत होत्या.

"अन् मिरची?" कमलनं विचारलं.

"मिरची नाही."

"काळा मसाला?"

"नाही."

"लसूण तरी?"

"लिहिलेलं नाही."

माय म्हणाली, "हे जेवन न्हाई रे, हे पथ्य हाय."

औरादच्या बाजारात मार्चच्या उन्हाळ्यात पत्तागोबी मिळेना. मी उदगीरला गेलो. परतीच्या मोटारीत गड्डे वर ठेवले होते, ते पहिल्याच वळणाला एकेक करून प्रवाशांच्या डोक्यावर उतरले. कंडक्टरनं शेवटचा गड्डा माझ्या मांडीवर आपटला. "मास्तर, हे बी तिकीट काडून बसवा!"

यानंतर टेबल. परदेशी पाहुणीला जमिनीवर कसं बसवायचं? टेबल आमच्याकडं नव्हतं, म्हणून शाळेतला एक बाक हातगाडीवर घालून आणला. बसायला फळी, पुढं लिहायला उतरती फळी, मध्ये दौतीचं भोक. वर चादर अंथरली की कुणाला कळायचं नाही, अशी माझी अटकळ होती.

पण खरी तयारी वेगळीच होती, आणि ती मी सर्वांत मन लावून केली. शाळेच्या ग्रंथालयात शिष्टाचारावरचं एक जुनं इंग्रजी पुस्तक होतं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: जेवताना पाहुण्यास आग्रह करणे हे असभ्यपणाचे लक्षण होय. पाहुणा 'नको' म्हणाला की त्याला नकोच असते. एकदाच विचारावे.

मी दोघींना समोर बसवलं. "ऐका. सिस्टरना प्रत्येक गोष्ट एकदाच विचारायची. नको म्हणाल्या की भांडं उचलायचं."

"एकदा इचारल्यावर कोन जेवतंय?" माय म्हणाली. "कुत्रं बी दोनदा बोलवावं लागतंय."

"त्यांच्याकडं तसं नसतं. त्यांचं 'नको' म्हणजे नको."

मग मी तालीम घेतली. मी नोरा सिस्टर होऊन बाकावर बसलो. माय भाकरी घेऊन आली.

"वाढू का, नोराक्का?"

"नको."

मायनं भाकरी ताटात घातली.

"माय! मी नको म्हटलं ना!"

"ऐकलं की."

पुन्हा केलं. या वेळी तिनं निम्मीच घातली आणि 'बघ, ऐकलं तुझं' अशा नजरेनं माझ्याकडं पाहिलं. चार तालमी झाल्यावर तिनं भाकरीची टोपली खाली ठेवली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "आपल्या घरी 'नको' म्हननारी लई मानसं बगितली मी. 'पोट भरलंय' म्हनायची. त्यांना बी मी कदी आग्रव केला न्हाई. त्यांचं नको कशापायी हाय, मला ठावं होतं."

मला समजलं ती काय म्हणतेय. आम्ही बौद्ध झालो त्याला तेव्हा सतरा-अठरा वर्षं झाली होती. मी मास्तर झालो होतो, गावात चांगल्या गल्लीत भाड्यानं राहत होतो. पण आमच्या घरात पाऊल टाकताच ज्यांचं पोट भरतं अशी माणसं गल्लीत होतीच. शेजारच्या गंगक्काच बघा. जिवाला जीव देणारी बाई. मला ताप आला तर काढा करून आणायची, सुजाताला दिवस दिवस मांडीवर घेऊन बसायची. पण आमच्या घरी चहा पुढं केला की तिचं पोट भरलेलं. इतक्या वर्षांच्या शेजारात ते एकदाही रिकामं सापडलं नाही.

"सिस्टर तशातल्या नाहीत, माय," मी म्हणालो.

"बगू," ती म्हणाली. "आइतवारी कळंल." तेवढं बोलून ती उठली आणि हुग्गीसाठी गहू सडायला बसली. या वेळी मी तिला अडवलं नाही.

रविवार उजाडला. सण हिरवा, तेव्हा घर हिरवं पाहिजे. कमलला लग्नातला हिरवा शालू नेसायला लावला, हिरव्या बांगड्या भरायला लावल्या. मायनं "हिरवं नेसायचं वय हाय व्हय माजं?" म्हणत पांढरं लुगडंच नेसलं. माझ्याकडं हिरवा सदरा नव्हता. पण चारच दिवसांपूर्वी रंगपंचमी झाली होती आणि पुडीत हिरवा रंग उरला होता. पांढरा सदरा बादलीत बुडवला, उन्हात टाकला, अर्ध्या तासात वाळला. मी स्वतःवर फार खूष झालो.

औरादचं मार्चमधलं ऊन ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढं काय झालं ते सांगायला नको. रोट भाजताना मी चुलीजवळ उभा होतो (सोडा जास्त पडल्यामुळे रोट फुगला आणि तव्यावरचं झाकण घेऊन वर आला). घामाची पहिली धार मानेवरून उतरली, ती हिरवी होती. मी मान पुसली, हात हिरवे झाले. हात पुसले, धोतर हिरवं झालं. तेवढ्यात दारात जीप थांबली.

नोरा सिस्टर थेट कामावरून आल्या होत्या, पांढऱ्याशुभ्र वेशात. आत पाऊल टाकलं आणि हिरवी बायको, हिरवी चादर, हिरवा मी, असं सगळं नजरेखालून घातलं.

"मास्तर, उरूस हाय का तुमच्याकडं?"

"सिस्टर, आज सतरा तारीख," मी अदबीनं म्हणालो.

बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडराकडं पाहिलं. मग चष्मा काढून पदराला पुसावा तसा बाहीला पुसला. "माज्या बी ध्यानात न्हवतं," त्या म्हणाल्या. मला आनंदानं काही सुचेना. माय लांबून बघत होती, तिचाही चेहरा उजळला. इथपर्यंत सगळं छान चाललं होतं!

सिस्टरनी माझा हात धरून मानेकडं निरखून पाहिलं. "मास्तर, लघवी कशी हुतीय? पिवळी का हिरवी?"

"रंग आहे, सिस्टर. रंगपंचमीचा."

"असू द्या. उद्या दवाखान्यात या."

त्यांना बाकावर बसवलं. आम्ही तिघं खाली चटईवर, त्यांच्याकडं तोंड करून. परीक्षेला एकच पोरगं आणि तीन पर्यवेक्षक, असा तो देखावा होता. मायनं ताट ठेवलं. उतरत्या फळीवरून मटणाचं पाणी सगळं एका कडेला आलं आणि पहिला बटाटा घरंगळत थेट सिस्टरच्या मांडीत गेला. दुसरा दौतीच्या भोकात अडकला म्हणून वाचला.

"अगं बया, हे तर..." सिस्टर ताटात बघत म्हणाल्या, आणि पुढचं गिळलं.

त्यांनी एक बटाटा खाल्ला. मटणाचा एक तुकडा खाल्ला. माय पातेलं घेऊन उठली. मी तिच्याकडं डोळे वटारले.

"वाढू का, नोराक्का?"

"न्हाई माय, बस झालं."

मायचा पळी धरलेला हात हवेतच थांबला. तो हात ताटाकडं जायला किती धडपडत होता हे मला दिसत होतं. पण तिनं माझ्याकडं पाहिलं आणि पातेलं उचलून आत नेलं. सिस्टर पातेल्याकडं बघत राहिल्या.

मग कमल गोबी-बटाटा घेऊन आली. "वाढू का?"

"न्हाई गं लेकरा, पोट भरलं."

कमल परत गेली. सिस्टरनी जाणाऱ्या भांड्याकडं मान वळवून पाहिलं. मग रोट आला. "न्हाई." रोट गेला. मी मनातून खूष होतो. काय ही शिस्त! लंडनमध्ये सुद्धा एवढ्या झटपट भांडी उचलत नसतील! फक्त 'पोट भरलं' हे शब्द ऐकल्यावर माय आतल्या दाराशी जी बसली ती बाहेर येईना, एवढं माझ्या लक्षात आलं. हुग्गीचं पातेलं तिच्याजवळ तसंच झाकलेलं होतं.

आणि याच वेळेला गंगक्का आली. एकटी नाही, गल्लीतल्या पाच-सहा बायका घेऊन. प्रत्येकीच्या हातात ताट, ताटात नारळ, खण, हिरव्या बांगड्या.

"अय्यो कमल, कुबसा करायलात अन् शेजाऱ्याला सांगत न्हाई व्हय?"

कुबसा म्हणजे कन्नडात डोहाळजेवण. गंगक्कानं सकाळपासून खिडकीतून हिशोब मांडला होता. कमल हिरव्या शालूत. हातात हिरव्या बांगड्या. घरात मटण शिजतंय. आणि वर बाळंतपणाच्या सिस्टर जीपमधून आल्या! आता याचा दुसरा अर्थ तुम्हीच काढून दाखवा.

"व्हय गं कमल?" मायनं दारातून विचारलं. तेवढ्यापुरती तिच्या चेहऱ्यावर आशा आली.

"न्हाई हो आत्याबाई!"

"मला न सांगताच?" सिस्टर बाकावरून म्हणाल्या आणि सवयीनं कमलची नाडी धरली.

"अहो, तुम्ही सांगा की!" कमल माझ्यावर ओरडली. मी काय सांगणार? मी आयर्लंडच्या संताबद्दल सांगायला सुरुवात केली. बायका माझ्या हिरव्या मानेकडं बघत होत्या आणि एकही अक्षर ऐकत नव्हत्या. कमलला पाटावर बसवून ओटी भरूनच टाकली. "आता न्हाई तर पुढच्या साली," गंगक्का म्हणाली. "नारळ वाया जात न्हाई."

मग गंगक्कानं आपलं ताट सिस्टरपुढं धरलं. त्यात शेंगापोळ्या होत्या.

"घ्या सिस्टर."

"न्हाई अक्का, पोट भरलंय."

"असं कसं! एक घ्या."

"न्हाई, न्हाई, खरंच न्हाई."

"माजी आण हाय!" गंगक्कानं पोळी ताटात टाकली.

आणि नोरा सिस्टरनी ती पोळी खाल्ली. नुसती खाल्ली नाही, दुसरी मागून घेतली! आठवड्यानं अन्न दिसल्यासारखं चालू होतं.

मी मायकडं पाहिलं, आणि मला त्या घरात उभं राहवेना. ती सगळं बघत होती. आपल्या घरी 'पोट भरलं' म्हणणारी बाई, आपल्याच घरात बसून, शेजारणीच्या ताटातलं खात होती. दीड वर्ष मनात धरलेली एकच गोष्ट, आणि तिचा असा निकाल! माय उठली. मला वाटलं परसात जाईल. पण तिनं पदर खोचला, हुग्गीचं पातेलं उचललं, बायकांमधून वाट काढत आली आणि पातेलं बाकावर आपटलं. (ते घरंगळायला लागलं. सिस्टरनी धरलं.)

"नोराक्का, एकच इचारते. आमच्या घरचं चालत न्हाई का तुला?"

गंगक्का हातातल्या ताटाकडं बघायला लागली.

सिस्टरच्या तोंडात पोळी होती. ती गिळून त्या म्हणाल्या, "मला चालत न्हाई? माय, तुमीच देत न्हाई की! एकदा इचारायचं अन् भांडं उचलून पळायचं! मटन गेलं, गोबी गेली, रोट गेला. सकाळपासनं उपाशी हाय मी! मला वाटलं, मास्तरला नको हाय मी आलेलं. तीनदा बोलवायला आले, अन् 'कशाला तरास' म्हनलं की 'बरं' म्हनून सायकलवर बसायचे!"

"मग न्हाई कामून म्हनलीस?"

"कामून म्हंजे? पहिल्यांदा न्हाईच म्हनायचं असतंय! आमच्या गावात दोनदा न्हाई म्हनत्यात, तिसऱ्यांदा घेत्यात. पहिल्या बोलीलाच हो म्हनलं तर आमची आई घरी नेऊन बडवायची, हावरट म्हनून."

मायनं हळूहळू मान माझ्याकडं वळवली. मग कमलनं वळवली. मग सगळ्या बायकांनी. मी तेव्हा हिरवा होतो म्हणून बरं, लाल झालेलं कुणाला दिसलं नाही.

"एकदाच इचारायचं म्हनून कुनी सांगितलं, मास्तर?" सिस्टरनी विचारलं.

"पुस्तकात होतं," मी म्हणालो.

"कुनाच्या पुस्तकात?"

"इंग्रजांच्या."

"इंग्रजांच्या!" बाई बाकावरून उठल्याच. "त्यांना घालवायला माजा आजा तुरुंगात बसला, मास्तर! अन् तुमी त्यांचीच रीत मला वाढायलाव? तेबी आजच्या दिवशी?"

मग त्या चटईवर येऊन मांडी घालून बसल्या. मायनं हुग्गी वाढली. "न्हाई, एवढी नको," सिस्टर म्हणाल्या. मायनं आणखी वाढली. "न्हाई गं माय." मायनं वर तुपाची धार सोडली. दीड वर्षाचं साठलेलं 'घे की' तिनं त्या एका दुपारी संपवलं. मटणही बाहेर आलं. सिस्टरनी एक घास खाऊन खालच्या आवाजात कमलला विचारलं, "ठेचा हाय का? हे मी वार्डात आजाऱ्यांना देते. आमच्या गावी बी असंच असतंय. त्यालाच भिऊन तर इकडं आले." कमलनं ठेचा दिला. ठेच्याबरोबर बटाटे जायला लागले. माय पंख्यानं वारा घालत समोर बसली होती आणि एकेक घास मोजल्यासारखा बघत होती. तिचे डोळे भरून आले होते, आणि खरं सांगतो, माझेही. (पुसायची सोय नव्हती. हात हिरवे होते.)

मग मायनं असं काही केलं जे मी तिला कधी करताना पाहिलं नव्हतं. एका वाटीत हुग्गी घेतली आणि गंगक्कापुढं धरली.

"घे गंगक्का."

"नको, शेवंताबाई. पोट भरलंय."

"घे म्हनते."

"उगं कशाला..."

"अक्का," नोरा सिस्टर तोंडातला घास सावरत म्हणाल्या, "दोनदा झालं. आता तिसऱ्यांदा न्हाई म्हनता येत न्हाई."

गंगक्कानं दाराकडं पाहिलं, बरोबरच्या बायकांकडं पाहिलं, वाटीकडं पाहिलं. मग उभ्याउभ्याच बोटानं एक घास खाल्ला. "गोड झालीय," म्हणाली, आणि राहिलेली वाटी पदराखाली धरून "पोरांना नेते" म्हणत निघाली. घरी जाऊन त्या वाटीचं काय झालं ते मी पाहिलं नाही, तेव्हा सांगत नाही. दुसऱ्या दिवशी वाटी घासून परत आली, आणि रिकामी वाटी परत करू नये म्हणून तिच्यात गुळाचा खडा होता.

"एक घास का हुईना," माय म्हणाली आणि गूळ डब्यात टाकला.

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या दुपारी सिस्टर निघाल्या तेव्हा मायनं त्यांना तांब्यातून पाणी दिलं. त्या घटाघटा प्यायल्या, मायच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि जीपमध्ये बसल्या. महिनाअखेरीला त्या गेल्या.

पाहुणे गेले, घर शांत झालं, आणि माझ्या ध्यानात आलं की सकाळपासून मी काही खाल्लेलं नाही. आत गेलो. पातेल्याच्या बुडाशी हुग्गी उरली होती, तुपानं चमकत होती. मायनं पळी हातात घेतली.

"खातोस का रे?"

आता एवढा फजितवाडा झाल्यावर माणसानं एकदम 'हो' कसं म्हणावं? थोडं रुसावं, कुणी थोडं समजवावं, अशी माझी माफक अपेक्षा होती.

"नको," मी म्हणालो.

"बरं," माय म्हणाली, आणि पातेलं उचलून सुजातापुढं ठेवलं.

"अगं माय, पण..."

"एकदाच इचारायचं असतंय," ती म्हणाली. "शिकलेल्या मानसाचं नको म्हंजे नको."

मी मुकाट्यानं बाकावर जाऊन बसलो. आयरिश सणाच्या जेवणातले उरलेले सगळे बटाटे मी खाल्ले, दौतीच्या भोकातला सुद्धा. कुणीही आग्रह केला नाही.